बटाटा घाटावरचा, कढई कोकणातली

कोकणात बटाट्याचं मोठं पीक नाही. तरीही वेफर्स, फ्राईज आणि वाळवणाबद्दल इथून येणाऱ्या पत्रांची संख्या वाढतेच आहे. बचत गटातल्या बायका, किनाऱ्यावरचे हॉटेलवाले, मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली मुलं, सगळ्यांना या धंद्यात काहीतरी करायचं आहे. पुन्हापुन्हा येणारे काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : ताई, आमचं समुद्राजवळ छोटं हॉटेल आहे. पूर्वी पर्यटक बटाटेवडा आणि कांदाभजी मागायचे. आता मुलं फ्रेंच फ्राईजच मागतात आणि फ्रोझन पाकिटं तालुक्याला सहज मिळतात. हा माल येतो कुठून? आणि एवढा वाढला कसा? (गुहागर)

बहुतेक गुजरातेतून. मेहसाणा, बनासकांठा, साबरकांठा हा पट्टा आज फ्रोझन बटाट्याचा बालेकिल्ला आहे. रेताड जमीन, ठिबक-तुषारचं पाणी आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री या तिन्ही गोष्टी बटाट्याला मानवतात. १९९६ साली परदेशी बर्गरची पहिली दुकानं दिल्ली-मुंबईत उघडली, तेव्हा फ्राईज बाहेरून आणाव्या लागत. आपल्या बाजारातल्या बटाट्याला ती लांबीही नव्हती आणि तो कोरडेपणाही नव्हता. पुढे फ्राईज बनवणाऱ्या मॅकेन या परदेशी कंपनीने गुजरातेतल्या शेतकऱ्यांशी करार करून हवा तसा बटाटा पिकवून घेतला आणि २००७च्या सुमारास मेहसाणा जिल्ह्यात कारखाना सुरू केला. मागोमाग हायफनसारख्या तिथल्याच कंपन्या उतरल्या. जो देश फ्राईज आयात करत होता, त्याने २०२३-२४ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार टन फ्राईज निर्यात केल्या. किंमत जवळजवळ दीड हजार कोटी रुपये.

तुमच्या तालुक्यापर्यंत हा माल पोचला तो दुकानातल्या डीप फ्रीझरमुळे. फ्रीझर आधी आइस्क्रीमसाठी आला, मग त्यात मटार आणि चिकनचे तयार पदार्थ शिरले. फ्राईजला आयती जागा मिळाली. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून फ्रोझन बटाटा आणि पाकीटबंद वेफर्स या दोन्हींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

हॉटेलात फ्राईज जरूर ठेवा. पाकीट वितळू न देता, लागतील तेवढ्याच काढून थेट १७५-१८० अंशांच्या तेलात सोडा. एकदा मऊ पडलेल्या फ्राईज पुन्हा गोठवल्या की तेल पितात आणि लिबलिबीत होतात. पण वडा यादीतून काढू नका. वड्यात तुमच्या हाताची चव आहे आणि मजुरीचा पैसाही तुमच्याच घरात राहतो. फ्राईजमध्ये तुमचं काय, तर तेल आणि गॅस.

प्रश्न : मी कुडाळच्या एमआयडीसीत फ्रोझन फ्राईजचं युनिट टाकण्याचा विचार करतोय. जागा मिळेल, बँकही तयार आहे. तुमचा सल्ला? (कुडाळ)

काढू नका. इतकं स्पष्ट सांगते, कारण यात तुमच्या घराचे पैसे अडकणार आहेत.

एक किलो फ्राईज करायला साधारण दोन किलो बटाटा लागतो. उरलेलं साल, तुकडे आणि पाणी. म्हणजे गुजरातेतून किंवा घाटावरून बटाटा आणताना निम्मं भाडं तुम्ही टाकाऊ वजनाचं भरणार. म्हणूनच फ्राईजचे कारखाने शेताच्या कुशीत उभे राहतात. दुसरी अडचण विजेची. फ्राईज उणे १८ अंशांवर राहायला हव्यात, कारखान्यात, गाडीत आणि दुकानातही. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. वादळ रोज येत नाही हे खरं, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाडं पडून तारा तुटणं आपल्याकडे नेहमीचंच. त्या दिवसांत जनरेटरच्या डिझेलचा खर्च मेहसाण्याच्या कारखान्याला नाही, तुम्हाला आहे, आणि बाजारात गाठ मात्र त्यांच्याच भावाशी.

वेफर्सचं गणित याच्या उलट आहे आणि तुम्ही ते समजून घ्यावं असं मला फार वाटतं. एक किलो वेफर्सना चार किलोच्या आसपास बटाटा लागतो हे खरं, पण तयार पाकिटात वजन कमी आणि हवा जास्त. ट्रक भरतो तो जागेने, वजनाने नाही. लांबून आणावं तर वाहतूक महाग पडते, माल चुरतो, जुना होतो. त्यामुळे वेफर्सचे मोठे कारखानेसुद्धा देशात ठिकठिकाणी, गिऱ्हाइकाजवळ विखुरलेले दिसतात. सावंतवाडी, कणकवली, मालवण, पलीकडे गोवा, एवढ्या टापूत ताजे वेफर्स आठवड्याला दोनदा पोचवणं तुम्हाला जमेल, मेहसाण्याला जमणार नाही. कोकणातल्या माणसाला या उद्योगात खरी जागा आहे ती इथे.

फ्रोझनमध्येच राहायचं असेल तर आधी वितरण घ्या. एक शीतगाडी, गावोगावचे फ्रीझर, उधारीची वसुली, परत आलेला माल. वर्षभर हे केलंत की कुठल्या गावात काय खपतं ते कळेल. मासळीच्या शीतगृहात भाड्याने जागा घेण्याचा मोह होईल, तो टाळा. खोक्यांना वास लागतो आणि गिऱ्हाईक एकदाच फसतं.

प्रश्न : आमच्या गटाचे वेफर्स शिमग्याला सोनेरी, कुरकुरीत निघतात. तीच कढई, तेच तेल, त्याच बायका, आणि श्रावणात, गणपतीच्या तोंडावर मात्र तांबूस-काळपट होतात, चवही कडवट. चाकरमानी येतात तेव्हाच आमची फजिती होते. आम्ही चकत्या चार-चार पाण्यांतून काढल्या, तुरटी वापरली, काही फरक नाही. चुकतं कुठे? (चिपळूण)

तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही. बटाटाच बदललेला असतो.

फाल्गुन-चैत्रात बाजारात येतो तो शेतातून नुकताच निघालेला नवा बटाटा. श्रावणात तुम्ही घेता तो बहुतांशी कोल्ड स्टोरेजचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून २ ते ४ अंशांवर ठेवलेला, आग्र्याकडचा किंवा इंदूरकडचा. इतक्या थंडीत बटाटा सडत नाही, कोंब धरत नाही, पण त्याच्या आतला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो. भाजीत ती जराशी गोडी चालून जाते. कढईत मात्र ती साखर बटाट्यातल्याच अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि काळपट रंग, कडवट चव तयार होते. वेफर्सच्या बटाट्यात ही साखर शंभर ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमच्या आत असावी असा उद्योगातला ठोकताळा आहे. कोल्डच्या बटाट्यात ती याच्या कितीतरी पट होऊ शकते.

थंड पाण्याने चकत्यांवरचा सुटा स्टार्च जातो, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. आतली साखर मात्र तशीच राहते. तुरटीनेही ती निघत नाही, तुरटी बंदच करा. ७० ते ७५ अंशांच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं चकत्या ठेवल्या तर काही साखर उतरते, पण बटाटा फारच गोड असेल तर तेवढ्याने भागत नाही आणि वेफर्सचा कडकपणाही थोडा जातो.

खरा उपाय खरेदीच्या वेळीच करायचा. आडत्याकडे गोणी घेण्याआधी दहा-बारा बटाटे मागून घ्या आणि घरी तीन गोष्टी करा. एक लिटर पाण्यात १२५ ते १३० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. बुडतो त्यात कोरडा अंश चांगला, साधारण वीस टक्के किंवा वर. तरंगतो तो पाणथळ. नंतर बटाटा मधोमध कापून औषधाच्या दुकानात मिळणारी लघवीतली साखर तपासायची पट्टी त्या ओल्या कापावर दाबा. रंग गडद झाला तर तो माल वेफर्ससाठी घेऊ नका. शेवटी दोन बटाट्यांच्या चकत्या १८० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तळा आणि मधल्या भागाचा रंग पाहा. एवढं करायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्यात अख्खी गोणी वाचते.

पाणथळ बटाट्याचा तोटा पैशांतही कळतो. शंभर किलो पुखराजसारख्या ओलसर बटाट्यांतून ढोबळमानाने बावीस-तेवीस किलो वेफर्स निघतील, चांगल्या कोरड्या जातीतून सत्तावीस-अठ्ठावीस. पहिल्यात पाणी उडवायला गॅस जास्त जळतो आणि त्या पाण्याच्या जागी तेल शिरतं. स्वस्तातली गोणी शेवटी महाग पडते ती अशी.

कोल्डचा माल घेणं भागच पडलं तर तो दोन-तीन आठवडे १५ ते २० अंशांवर, अंधारात ठेवला की साखर काही प्रमाणात उतरते. पण आपल्याकडे श्रावणात हे तापमान मिळत नाही आणि हवेत इतकी ओल असते की बटाटा उतरायच्या आधी सडतो. म्हणून मी चिपळूणला हा मार्ग सुचवणार नाही. त्यापेक्षा श्रावणात कच्च्या केळ्याचे वेफर्स करा. उपासाला ते चालतात आणि केळं कोल्डमधून यायची गरज नसते. गणपतीतल्या मागणीसाठी बटाट्याचे वेफर्स हवेतच असतील तर वेफर्सच्या जातीचा, १० ते १२ अंशांवर साठवलेला माल मागवा. त्याबद्दल खालच्या उत्तरात लिहिलं आहे.

आपल्या आज्या बटाट्याचा कीस आणि पापड चैत्र-वैशाखात घालायच्या आणि त्यासाठी तळेगावचा बटाटा मागून घ्यायच्या. ऊन हे त्याचं एक कारण. दुसरं असं की तेव्हाचा बटाटा नवा असतो, त्यात साखर कमी असते. श्रावणातला उपास त्या वाळवणावर निघायचा. तुमच्या गटाने ही सांगड पुन्हा घालावी. मार्च ते मे वाळवणाचा मोठा साठा करा. पाकिटावर तारीख घाला. गणपतीत तो विका. वाळवलेला कीस तळताना काळा पडत नाही आणि त्याला घाईही नसते.

प्रश्न : वेफर्सच्या जातीचा बटाटा आमच्यासारख्या छोट्या माणसाला मिळतो का? की तो फक्त कंपन्यांसाठीच असतो? घाटावरच्या शेतकऱ्याशी करार करता येईल का? (देवरुख)

मिळतो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात नुसतं बटाटा न म्हणता वेफर्सचा माल मागा. लेडी रोझेटाला व्यापारी एलआर म्हणतात, लाल सालीची, गोल, कोरडी जात. आपल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि २ दिल्या, पुढे चिप्सोना-३ आली. या सरकारी संस्थेच्या जाती आहेत.

कंपनीच्या जातीबद्दल मात्र सावध राहा. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपली नोंदणीकृत जात परवानगीशिवाय लावल्याबद्दल गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाली आणि कंपनीने ते मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या जातीची नोंदणीच रद्द झाली, पण जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द करण्याचा निर्णय फिरवला. कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा हक्क दिलेला आहे, तरी ब्रँड लावून बियाणं विकता येत नाही. छोट्या खरेदीदाराने सार्वजनिक जातींवरच भर द्यावा.

करार करायचा तर जवळचा पर्याय घाटमाथ्याचा. पुणे जिल्ह्यात मंचरच्या वरचं सातगाव पठार, साताऱ्यात खटाव-कोरेगावकडचा भाग, इथे खरिपाचा बटाटा निघतो आणि तो सप्टेंबरपासून पुढे ताजा मिळतो. साताऱ्याचा माल कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटाने खाली उतरतो. एकट्याने ट्रक भरणार नाही, म्हणून तीन-चार गटांनी मिळून मागवा. पहिल्या वर्षी करार लिहून करू नका असं मी म्हणणार नाही, उलट लिहूनच करा. जात कोणती, बटाट्याचा आकार किती, हिरवा आणि कापलेला माल किती टक्के चालेल, भाव कधीचा धरायचा, आणि गाडी घाटात अडकली तर नुकसान कोणाचं. बहुतेक भांडणं या शेवटच्या ओळीवरूनच होतात.

प्रश्न : भात कापल्यावर शेत मोकळं असतं. बटाटा लावू का? (राजापूर)

घरच्यापुरता चार सऱ्या लावून पाहा. धंद्यासाठी नको. बटाट्याला जमिनीखाली पोसायला रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली, तेही सलग कित्येक आठवडे लागतं. किनाऱ्यालगत ते मिळत नाही आणि जानेवारी संपला की ऊन वाढतं. कुफरी सूर्या ही उष्णता सोसणारी जात आहे, तीही एका मर्यादेपर्यंतच.

तुमच्याकडे असं काहीतरी आहे जे मेहसाण्याकडे नाही, त्याकडे बघा. रताळी, कणगर, कोनफळ, सुरण, अळकुड्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रताळ्याची कोकण अश्विनी ही जात दिलेली आहे. वेफर्सचं स्लायसर, कढई, तेल निथळायची जाळी, पाकीट सील करायचं मशीन, हे सगळं या कंदांना आणि फणसाच्या गऱ्यांनाही चालतं. फक्त रताळ्यात साखर मुळातच जास्त, म्हणून ते १५० ते १६० अंशांवर, सावकाश तळा. फाल्गुन-चैत्रात बटाटा, मे-जूनमध्ये गरे, श्रावणात केळी, दिवाळीनंतर कंद असा वर्षाचा फेरा लावलात तर मशीन बसून राहत नाही. चाकरमान्याला मुंबईला परतताना न्यायला कोनफळाचे जांभळे वेफर्स हवे असतात. बटाट्याचे त्याला दादरलाही मिळतात.

प्रश्न : पावसाळ्यात आमचे वेफर्स चार दिवसांत मऊ पडतात. जाड पिशवी वापरूनही. (मालवण)

आधी एक बघा : मऊ पडतात की खवट होतात? दोन्ही वेगळी दुखणी आहेत. मऊ पडतात ते हवेतल्या ओलीने. वेफर्समध्ये पाणी दोन टक्क्यांच्या आसपास असतं, ते थोडं जरी वाढलं तरी कुरकुरीतपणा जातो. खवट होतात ते तेलाला हवेतला ऑक्सिजन आणि उजेड लागल्याने.

नुसत्या जाडीने काम होत नाही. साधी पारदर्शक पिशवी ओल काही काळ थोपवते, ऑक्सिजन आणि उजेड नाही. आतून चंदेरी असलेली, म्हणजे मेटलाइज्ड थराची पिशवी घ्या. मोठ्या कंपन्या आत नायट्रोजन भरतात, त्याने माल खवट होत नाही आणि चुरतही नाही. नायट्रोजनची सोय असलेलं सीलिंग मशीन तुम्हाला शक्य असेल तर गटात मिळून घ्या. नसेल तर निदान एवढं करा : वेफर्स पूर्ण गार झाल्यावर, पण लगेच भरा. पावसाळ्यात तळण सकाळी केलं आणि भरणं दुपारी जेवणानंतर ठेवलं तर तेवढ्या वेळात माल हवेतली ओल ओढून बसलेला असतो. भरण्याची खोली तळणाच्या आणि धुण्याच्या जागेपासून वेगळी, दार बंद. सीलची पट्टी रोज तपासा, पाकीट पाण्याखाली दाबलं की गळती बुडबुड्यांतून कळते. मिठाच्या खारवट हवेने मशीनच्या पट्ट्या गंजतात, त्या कोकणात लवकर बदलाव्या लागतात.

पावसात छोटी पाकिटं करा. मोठं पाकीट गिऱ्हाईक उघडून ठेवतं, ते त्याच्या घरी मऊ पडतं आणि नाव तुमचं जातं.

प्रश्न : तळणाचं तेल किती वेळा वापरावं? आमच्या गावात परवान्यासाठी तपासणी येणार म्हणतात. (दापोली)

वेळा मोजून उत्तर देता येत नाही. तेल किती तापलं, किती वेळ तापलं आणि त्यात किती चुरा जळला यावर ते ठरतं. कायद्यातली मर्यादा अशी : तेलातले टोटल पोलर कंपाऊंड्स, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल खाण्याच्या पदार्थाला वापरायचं नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचं उपकरण मिळतं, एका गटाला महाग पडतं, तालुक्यातल्या काही गटांनी मिळून एक घ्यायला हरकत नाही. तोवर खुणा पाहा. तेल घट्ट झालं, तळताना फेस मावत नाही, धूर लवकर निघतो, वास बदलला, की ते संपलं.

तेल टिकवायचं तर १८० अंशांच्या वर नेऊ नका, लोखंडी किंवा पितळी कढईऐवजी स्टेनलेस स्टीलची घ्या, दर घाण्यानंतर चुरा काढा, रोज गाळा, आणि मीठ तळून झाल्यावरच भुरभुरा. वेफर्स फिकट सोनेरी असतानाच काढा. १२० अंशांच्या वर तळताना स्टार्चच्या पदार्थांत अॅक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक समजलं जाणारं रसायन तयार होतं आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. तुमचे वेफर्स गावातली लहान मुलं खाणार आहेत, त्यामुळे इथे हयगय नको.

तपासणीची भीती बाळगू नका. छोट्या युनिटला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. पाण्याचा तपासणी अहवाल, तेलाच्या खरेदीची बिलं आणि जुनं तेल कोणाला दिलं याची वही समोर ठेवा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान दिलं जातं. योजना अजून सुरू आहे का आणि चालू वर्षाचे नियम काय, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या, आणि अर्ज करण्याआधी निदान एक श्रावण हातकढईवर काढा. कुठलं मशीन खरोखर लागतं ते त्यानंतरच कळेल.